अख्खे भोपळे

नोकरीत असताना मी मुलांच्या पेपरांवर पुष्कळ भोपळे काढले. त्यातल्या कुठल्या तरी पोराचा तळतळाट लागला असणार. कारण रिटायर झाल्यावर एका हिवाळ्यात माझ्या घरात पलंगाखाली भोपळे, फ्रिजवर भोपळा आणि झोपाळ्यावर दोन भोपळे, अशी परिस्थिती आली. बाकीच्या घरांतही तेच. खाणारी तोंडं होती, सुऱ्या होत्या, गॅस होता. पण भोपळे अख्खेच. का ते सांगते. फक्त मधे बोलू नका, माझी लिंक तुटते आणि मग मला राग येतो.

सोलापुरात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मोकळी जागा आहे. नकाशात तिथं बगीचा होता आणि प्रत्यक्षात उकिरडा. फुटके माठ, मोडक्या मागाचे लोखंडी तुकडे, नारळाच्या करवंट्या आणि बायकापोरांसकट राहणारी डुकरं. सोसायटीच्या अध्यक्षांनी एके दिवशी जाहीर केलं की आपण इथं सगळ्यांनी मिळून भाजीपाला लावायचा. अध्यक्ष मूळचे पुण्याचे. बदलीवर आले, इथली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आवडली म्हणून राहिले, पण बोलणं अजून पुण्याचंच. त्यांचं आणि आमच्या ह्यांचं गाडी लावायच्या जागेवरून अगदी विळ्या-भोपळ्याचं सख्य. तरी ह्यांनी पहिल्याच दिवशी फावडं उचललं, कारण रिटायर झाल्यापासून ह्यांच्या हाताला काम नव्हतं. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. घरातले नळ ह्यांनी इतक्यांदा दुरुस्त केले की जे चांगले होते तेही गळायला लागले.

आमच्याकडे नळाला पाणी रोज कुठलं यायला! चार दिवसांनी आलं तरी लोक एकमेकांना फोन करून सांगतात. त्यामुळे बागेला मिळायचं ते उष्टं-खरकटं पाणी: तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं. सकाळी सगळी कॉलनी बादल्या घेऊन निघायची. एवढी वर्षं ज्यांच्याशी फक्त मान हलवायचे, त्यांच्याशी मी बादलीच्या निमित्तानं बोलायला लागले. कुणाकडे आज भात झाला नाही हे मला पाण्याच्या रंगावरून कळायचं.

मेथी, पालक, कोथिंबीर सगळ्यांची. कुंपणाच्या भिंतीला मात्र चार घरांनी एकेक वेल लावायचा असं ठरलं. त्यासाठी मीटिंग झाली, उकिरडा नुकताच उचललेल्या जागेवर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. अध्यक्षांनी बजावलं, "प्रत्येकानं वेगळी भाजी सांगायची. रिपीट नको. व्हरायटी हवी."

पहिल्या अम्मा बोलल्या. अम्मा आमच्या मागच्या घरात राहतात, विणकराच्या घरातल्या. त्यांचे यजमान होते तेव्हा दारात दोन माग खडखडायचे. यजमान गेले, माग विकले, मुलगा भिवंडीला. अम्मांचं मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत, पण भाज्यांची नावं मात्र तेलुगूतच. "गुम्मडिकाया," अम्मा म्हणाल्या. वा, काहीतरी नवीन, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर.

मग समोरच्या भाभी. त्यांच्या यजमानांचं शिलाईचं दुकान आहे. "मैं मीठा कद्दू लगाती," त्या म्हणाल्या. आता दर ईदला भाभी आम्हाला कद्दूची खीर पाठवतात. ती असते दुधीची आणि असते गोड. म्हणून गोड खिरीचा तो मीठा कद्दू, म्हणजे दुधी, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं.

तिसरे आमच्या शेजारचे, एका ऑफिसात क्लार्क आहेत, घरची शेती वळसंगला. ते म्हणाले, "आमी डांगर लावतो की." अध्यक्ष हसले. "अहो, डांगर उडदाच्या पिठाचं असतं. ते वेलाला लागतं का?" वळसंगकर म्हणाले, "आमच्यात लागतंय." अध्यक्षांनी असेल काहीतरी गावठी म्हणून सोडून दिलं.

राहिले आमचे हे. "लाल भोपळा," ह्यांनी सांगितलं.

"वाहवा!" अध्यक्ष उभे राहिले. "चार घरं, चार भाषा, चार भाज्या! ह्याला म्हणतात विविधता!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सातवीच्या वर्गाला शास्त्र शिकवून पोट भरलेली बाई मी, आणि चार वेळा भोपळा ऐकूनही तो एकच आहे हे ओळखलं नाही. एकमेकांच्या घरी इतकं जेवलो, पण जेवताना काय खातोय हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

वेल वर आले. चारही वेलांची पानं सारखी. अध्यक्ष म्हणाले, वेलवर्गीय असं असतंच. फुलं आली, चारही वेलांना पिवळीधमक. अध्यक्ष म्हणाले, बघा, निसर्गाची किमया. शेवटी फळं धरली, गोल गरगरीत, आणि मग भ्रमाचा भोपळा फुटला. मी वळसंगकरांना धरलं. "अहो, तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले, तुम्हाला कळलं नाही?"

"मला पैल्या दिवशीच कळलं हुतं की," ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं तुमाला चार डांगरं पायजेत. शिकलेली मान्सं, काय तरी इचार असंल."

आता भोपळ्याचा वेल म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्यानं लावलाय त्यालाच ठाऊक. त्यात आमच्या वेलांना चार घरांचं भाताचं पाणी. भिंत संपली तसे ते विजेच्या खांबावर चढले, मग कट्ट्यावर, मग भाभींच्या गच्चीत. अध्यक्ष आठवडाभर मुलीकडे गेले होते. परत येऊन बघतात तर त्यांची स्कूटर वेलानं गिळलेली आणि हँडलला एक कोवळा भोपळा लोंबतोय. ते तोडायला धावले. अम्मा आडव्या. "धरलेलं फळ तोडायचं नाही. पिकू दे." मग तो भोपळा पिकेपर्यंत अध्यक्ष रिक्षानं फिरले. रोज सकाळी येऊन ते भोपळ्याला टिचकी मारून बघायचे आणि सुस्कारा टाकून रिक्षाला हात करायचे. त्या दिवसांत ह्यांचा रक्तदाब फार चांगला होता.

भोपळे उतरले, घरोघर वाटले, आणि खरी गंमत तिथं सुरू झाली. आमच्याकडे एक नियम आहे. अख्खा भोपळा बाईनं पहिल्यांदा फोडायचा नाही. आधी पुरुषाचा हात लागायचा, दोन फाकी झाल्या की मग बाईनं त्याचं काय करायचं ते करावं. कारण विचाराल तर घरोघर वेगळं. कुणी म्हणतं, भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक. कुणी म्हणतं, तो बळी असतो, बळी बाईच्या हातून नको. माझ्या सासूबाई कारण सांगायच्याच नाहीत, नुसतं "नसतं तसं" म्हणायच्या. आपलं निम्मं शास्त्र ह्या "नसतं तसं"वरच उभं आहे. बरं, विकत आणायचा तेव्हा भाजीवाला कापूनच पाव किलोची फाक द्यायचा, त्यामुळे हा प्रश्न वर्षानुवर्षं कुणाला पडलाच नव्हता. आता घरोघर अख्खे भोपळे आणि पुरुष सगळे कामावर.

अम्मा आमच्या फाटकाशी आल्या. "काका आहेत का? एक फोडून द्या की."

मी म्हटलं, "अहो अम्मा, आणा इकडे, मी देते फोडून. काही आभाळ कोसळत नाही."

"अय्यो! वद्दु, वद्दु! बाई, तुम्ही शाळेतल्या, तुमचं चालतंय. माझ्या घरात नको."

हे गेले. मीही मागोमाग गेले, तमाशा बघायला. ह्यांनी भोपळा फरशीवर ठेवला. फिरवून बघितला. बोटानं वाजवला, कान लावला. अंगठ्याच्या नखानं एक रेघ मारली. मग आम्हाला म्हणाले, "लांब व्हा." जसं काही आत वाफ कोंडलीय. आणि एकाच झटक्यात खटकन दोन सारख्या फाकी. अम्मांनी दोन्ही हात जोडले. भोपळ्याला की ह्यांना, ते काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाभींचं बोलावणं. "हमारे में ऐसा कुच नै जी," भाभी म्हणाल्या, "पर सब करते तो मेरे कू भी करना." तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतून. मग रोजच. हे नाश्ता करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सुरी कापडी पिशवीत घालून निघायचे. मी चिडवायची, "अहो, एवढे नटून कुठं? भोपळा काय तुम्हाला पसंत करायला येतोय का?"

"लोकांच्या घरी जायचं म्हणजे नीट जावं," हे म्हणायचे आणि आरशात बघून भांग पुन्हा पाडायचे.

जावई जेवायला आल्यासारखा मान! चहा, वर चिवडा, एका घरी तर पाट मांडलेला. आणि ह्या माणसाला, ज्याला तिसऱ्या घरात कोण राहतं हे ठाऊक नव्हतं, आता सगळं ठाऊक. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची सून रुसली, कुणाच्या मुलाला नोकरी लागेना. आधी घरात बातम्या मी आणायची. आता हे आणायला लागले आणि मी पोळ्या लाटत ऐकायला लागले. कर्म माझं! पण खरं सांगू, मला बरं वाटायचं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा हे शिट्टी वाजवत घरी यायचे.

दिवाळी झाली आणि एका सकाळी ह्यांच्या हातून चहाचा कप पडला. मी ओरडले, "नवा सेट आहे!" आणि वर बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. भाभींच्या यजमानांनी ह्यांना खांद्यावर घेतलं, त्यांच्या गळ्यात टेप तशीच लटकत होती. वळसंगकर रिक्षात पुढं बसून ड्रायव्हरला शिव्या घालत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून वाचले.

हे घरी आले. बोलणं सुधारलं, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र राहिला. डॉक्टरांचं म्हणणं, हात हळूहळू येईल, पण ह्यांनी रोज व्यायाम करायला हवा, हात वापरायला हवा. दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. हे चेंडूकडे बघायचेही नाहीत. हात चादरीखाली घालून, कपाटाकडे तोंड करून बसायचे. मी म्हणायची, "चेंडू दाबा." हे म्हणायचे, "तू दाब. हे लाकूड झालंय. टोचलं तरी कळत नाही. फिटरचा हात गेला म्हणजे फिटर गेला." कुणी भेटायला आलं की डोळे मिटून झोपेचं सोंग. दाराबाहेर पाऊल नाही. मी रागावले, रडले, मुलीला फोन करून ओरडायला लावलं. कशाचा उपयोग नाही. मी घाबरले होते. हाताचं एक वेळ सोडा, पण माणूसच चालला होता, माझ्या डोळ्यांसमोर, पलंगावर बसल्या बसल्या.

आणि अशात कॉलनीला भोपळ्याचं वेड लागलं. वेलांवर अजून माल होताच. उतरवलेला भोपळा प्रत्येक बाई घरी न्यायची आणि ठेवून द्यायची. फोडायची नाही. विचारलं तर एकच उत्तर, "काका बरे झाले की फोडतील." अम्मांच्या घरात, जिथं पूर्वी माग होते, तिथं भोपळ्यांची रांग लागली. माझ्या वाट्याचे पलंगाखाली गेले; ह्यांच्या आजारपणात मला भोपळा फोडायची सवड कुठं! एका घरी रिकाम्या पाळण्यात भोपळा ठेवलेला, आणि आलेल्या पाहुण्या बाईनं सवयीनं झोका दिला.

अध्यक्षांनी ग्रुपवर टाकलं, "काका पूर्ववत होईपर्यंत ही जबाबदारी मी स्वीकारत आहे." आणि खरोखरच ट्रॅकपँट, हातात मोजे घालून दारोदार फिरले. एकीनं सांगितलं, आज सोमवार आहे. दुसरीनं सांगितलं, आमचा अजून झोपलाय. भोपळा! अम्मांनी त्यांचा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "गरम आहे. गोड गुम्मडिकाया कडू होते." वळसंगकर पुढं झाले, "आण अम्मा, मी फोडतो की." त्यांना म्हणाल्या, "तू लहान आहेस." पन्नाशीचा माणूस, पोरीचं लग्न झालेलं!

माझं डोकं सटकलं. घरात एक माणूस कपाटाकडे तोंड करून बसलाय आणि ह्या बायांना खेळ सुचतोय. मी तरातरा अम्मांकडे गेले. भाभीही तिथंच बसलेल्या. "अम्मा," मी म्हटलं, "बास झाला हा चावटपणा. ह्यांचा हात चालत नाही. कळतंय का? ते आता कुणाचे भोपळे फोडत नाहीत. तुमच्या ह्या अख्ख्या भोपळ्यांनी त्यांना आणखी लाज वाटेल. फोडा आणि खाऊन टाका!"

अम्मांनी जवळचा भोपळा पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "बाई, ह्या घरात कुणी पुरुष 'अम्मा, काही काम आहे का' म्हणत दारात उभा राहून किती वर्षं झाली, तुम्हाला माहीत आहे? काका यायचे. भोपळा एक मिनिटाचा. मग अर्धा तास बसायचे, मागाबद्दल विचारायचे. दुसऱ्याकडून फोडून घेतला तर काकांचं इथं काय काम राहिलं? मग ते कशाला येतील?"

भाभींनी पदराखालून हळूच सांगितलं, "टीचर, मैं तो छोटे छोटे काट के खा ली. हमारे में कुच नै ना. पर अम्मा बोली, बडे वाले रखो, और छिलके किसी कू दिखाव नक्को."

"पण ते दाराबाहेर येत नाहीत हो," मी म्हटलं आणि तिथंच फरशीवर बसले.

"ते येत नाहीत तर हे जातील की," अम्मा भोपळ्यांकडे बघत म्हणाल्या. "परवा भोगी. संक्रांतीला आमच्यात गुम्मडिकाया पाहिजेच. त्याशिवाय सण नाही."

भोगीच्या सकाळी मी बाजरीच्या भाकरी थापत होते, आणि बाहेर गडगड गडगड आवाज. भाजीवाल्याची हातगाडी मागून आणलेली, वर भोपळ्यांचा डोंगर, वळसंगकर ढकलतायत आणि मागं सगळ्या बाया. उरलेले भोपळे कडेवर, डोक्यावर. सगळे आमच्या व्हरांड्यात उतरवले. शेवटी अध्यक्षही आले, काखेत एक भोपळा. "मीसुद्धा अख्खा ठेवलाय," घसा साफ करत म्हणाले. वळसंगकरांनी तो हातात घेऊन फिरवला. "सायेब, ह्यो आपल्या वेलाचा न्हाय. ह्यो मंडईतला हाय." अध्यक्ष लालबुंद. त्यांनी आपला कधीच खाल्ला होता, आणि कॉलनीत भोपळ्यांचा पूर आलेला असताना हा माणूस मंडईत जाऊन भोपळा विकत घेऊन आला होता!

गोंधळ ऐकून हे बाहेर आले. चादर पांघरलेली, हात तिच्या आत. "काय तमाशा आहे हा?"

"काका, उद्या संक्रांत," अम्मा म्हणाल्या. "फोडून द्या."

"कॉलनी पुरुषांनी भरलीय!"

"आहेत की. पण काका एकच."

"अहो, माझा हात चालत नाही!" हे ओरडले. इतके दिवस जे कपाटाला सांगत होते ते पहिल्यांदा चारचौघांत बोलले.

"डावा आहे की," अम्मा म्हणाल्या.

"डाव्या हातानं? सणाच्या दिवशी?" आणि लगेच, मंडळी, तिथं शास्त्रार्थ सुरू झाला. वळसंगकर म्हणाले, डाव्या हातानं बरं न्हाय. भाभी म्हणाल्या, हमारे में भी बायें हात से शुभ काम नै करते. अध्यक्ष म्हणाले, ह्यावर मतदान घेऊ. अम्मांनी सगळ्यांना गप्प केलं. "नियम काय आहे? पुरुषाचा हात लागला पाहिजे. उजवा का डावा, ते कुणी सांगितलंय? माझ्या सासूनं नाही सांगितलं."

ह्यांना पळवाट राहिली नाही. पायरीवर बसले. मी सुरी डाव्या हातात दिली. नेम धरला, टेकवली, जोर दिला आणि भोपळा निसटला. टणाटण पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला, उतारानं पळाला. अध्यक्ष त्याच्यामागं, "धरा, धरा!" आणि ट्रॅकपँट सावरता सावरता त्यांनी त्याच्यावर झेप घेतली. लोक खदखदून हसले. मीही हसले आणि ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. सुरी खाली ठेवून हे उठले आणि आत वळले.

संपलं, मला वाटलं. आता हे पुन्हा कधी बाहेर येणार नाहीत.

उंबऱ्यापाशी हे थांबले. वळून हातगाडीकडे बघत राहिले. "गोल वस्तू धरल्याशिवाय कापता येत नाही," आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "धरायला एक हात पाहिजे आणि चालवायला एक." मग परत आले आणि बसले. दुसरा भोपळा पुढ्यात ओढला. सुरी उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"तू फोड. मी धरतो."

"काका!" अम्मांनी श्वास ओढला. "बाईनं..."

"पुरुषाचा हात आधी लागला म्हणजे झालं ना? लागतोय."

आणि ह्यांनी चादर बाजूला केली. इतके दिवस लपवून ठेवलेला हात डाव्या हातानं उचलला, सगळ्यांच्या देखत, आणि भोपळ्यावर ठेवला. बोटं वाकडी. ती मिटेनात. ह्यांनी वरून डावा हात दाबला, खांद्याचा सगळा भार दिला. हातगाडीवरून उतरवलेल्या भोपळ्यांमध्ये बाया नुसत्या उभ्या.

मी सुरी टेकवली. पण मला भोपळाच दिसेना. डोळे पुसले, पुन्हा भरले. नखाची रेघ कुठं मारायची, कुठून सुरुवात करायची, काही सुचेना. मी तशीच बसून राहिले.

"अगं, आटप की," हे वैतागून म्हणाले. "हात दुखायला लागलाय माझा."

"कुठला?" मी विचारलं.

ह्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"हा," म्हणाले. "हा गं. उजवा."

मी सुरी टाकली आणि सगळ्या कॉलनीसमोर, अम्मांसमोर, रस्त्यावरून भोपळा घेऊन धापा टाकत आलेल्या अध्यक्षांसमोर, तोंडात पदर कोंबून मोठ्यानं रडले.